गाडी केव्हा तापते?

आपल्या स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून लसीकरण, बालकांचा आहार किंवा परीक्षेच्या काळातील पालकांचे वर्तन यांपैकी एखाद्या विषयावर लेख मागवला जातो. तो छापला जातो आणि बहुधा वाचला जात नाही. यंदा संपादक मंडळाची क्षमा मागून मी मोटारीच्या तापणाऱ्या इंजिनाविषयी लिहीत आहे. मी काही या विषयातला अधिकारी नव्हे. परंतु या निमित्ताने निदान या गोष्टीविषयी, आणि निदानाच्या मोलाविषयी, मनात जे आले ते आपल्या व्यवसायातील मंडळींपुढे मांडावेसे वाटते.

माझी गाडी २००४ सालची आहे. छोटी, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरांची. ती नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीनंतर घेतली होती. ते गेल्यावर ती विकावी असे घरात सर्वांचे मत होते आणि माझे नव्हते. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणीही मी हौसेने करून घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा दोष नव्हता. दोष कोणाचा होता ते ओघात येईलच.

२०२३ च्या फेब्रुवारीत ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात तापमानाचा काटा प्रथमच मधली खूण ओलांडून वर गेला. इंदूरला आल्यावर मी गाडी नेहमीच्या गॅरेजमध्ये दिली आणि तीनच शब्द सांगितले, ‘गाडी गरम होते.’ मिस्त्रींनी ‘हो जायेगा, डॉक्टर साहब’ म्हटले आणि थर्मोस्टॅट काढून टाकला. थर्मोस्टॅट बदलला नाही, काढून टाकला. आपल्याकडे हा सार्वत्रिक उपचार आहे. थर्मोस्टॅट ही मेणाच्या गोळीवर चालणारी एक छोटी झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि सुमारे ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागून गरम पाणी रेडिएटरकडे सोडते. ही झडप बंद अवस्थेत अडकली तर इंजिन तापते, हे खरे. पण अडकलेली नसताना ती काढली तर इंजिन आवश्यक तेवढे गरमच होत नाही, पेट्रोल अधिक जळते, तेलात गाळ साठतो आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत हीच झडप जवळच्या वाटेने परतणारे पाणी अडवण्याचेही काम करते. तिथे ती काढली की पाणी रेडिएटरला टाळून परत इंजिनात फिरते आणि गाडी उलट जास्त तापते. मुलाला ताप येतो म्हणून तापमापकच फेकून द्यावा, असा हा प्रकार नव्हे. त्याहून वाईट आहे.

मार्चअखेर काटा पुन्हा वर गेला. या वेळी दुसऱ्या गॅरेजने रेडिएटर बदलला. साडेचार हजार रुपये झाले. नव्या रेडिएटरवर जुनेच झाकण बसवले गेले. हा तपशील त्या वेळी माझ्या लक्षातही आला नाही.

मे महिन्यात ताई आणि तिचा नऊ वर्षांचा नातू यांना घेऊन पुन्हा ओंकारेश्वरला गेलो. परतीला बडवाह सोडून दुपारी तीनच्या सुमारास घाटाला लागलो. निमाडचे मे महिन्यातले ऊन आपल्याला ठाऊक आहे. पुढे ट्रकांची रांग, आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, वातानुकूलन सुरू. काटा चढू लागला. मी वातानुकूलन बंद केले आणि ‘माथा गाठला की थांबू’ असा विचार करून पुढे जात राहिलो. काटा लाल रेषेला टेकला आणि मग, एखाद्या मिनिटात, सरळ खाली आला, पार थंड खुणेपर्यंत. मी ताईला म्हणालो, ‘बघ, उतरला.’

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. तापमान सांगणारा संवेदक पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे सांगतो. पाणी उकळून निघून गेले आणि तो कोरडा पडला, की त्याला इंजिनाची उष्णता नीट कळत नाही आणि काटा पडतो. नवजात बालकाला जंतुसंसर्ग झाला असता ताप येण्याऐवजी ते थंड पडू शकते, आणि असे थंड पडलेले बाळ तापलेल्या बाळापेक्षा अधिक चिंतेचे असते, हे मी विद्यार्थ्यांना पंचवीस वर्षे शिकवत आलो. तोच मी त्या घाटात पडलेला काटा पाहून निश्चिंत झालो. पुढच्या किलोमीटरभरात गाडीची ओढ गेली, खडखड ऐकू आली आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली.

थांबलो. जवळच्या चहाच्या टपरीवरचा एक भला माणूस पाण्याचा डबा आणि फडके घेऊन धावत आला, बॉनेट उघडले आणि रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला. मुलगा कुतूहलाने वाकून उभा होता, त्याचे तोंड झाकणापासून दोन हातांवर. मी जे ओरडलो ते ऐकून टपरीवाला दचकला आणि मुलगा रडू लागला. इंजिनातले पाणी दाबाखाली असते. दाब असेपर्यंत ते १०० अंशांच्या वर जाऊनही द्रवरूप राहते, आणि झाकण उघडताच त्यातल्या काही भागाची तत्क्षणी वाफ होऊन ती उरलेले उकळते पाणी घेऊन वर उसळते. निवासी डॉक्टर असताना एम.वाय. रुग्णालयात भाजलेली मुले मी पुष्कळ पाहिली. तो चेहरा मला तिथे दिसला. एक तास काहीही न करता आम्ही लिंबाच्या सावलीत बसलो. टपरीवाल्याच्या मते हा निव्वळ वेळेचा अपव्यय होता. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतले तर धातूला तडा जाऊ शकतो हे मी त्याला सांगितले. ते त्याने ऐकून घेतले. पटले असे दिसले नाही.

आता आपल्या शास्त्राचा एक मुद्दा. ‘गाडीला ताप आला’ असे आपण सहज म्हणतो. मीही म्हणत असे. वस्तुतः गाडीला ताप कधीच येत नाही. तापात मेंदूतील हायपोथॅलॅमसची नेमलेली पातळीच वर सरकते. शरीर स्वतः होऊन उष्णता राखते, मूल कुडकुडते, पांघरूण मागते. पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणते. उष्माघातात पातळी जागच्या जागी असते. तयार होणारी उष्णता बाहेर टाकणे शरीराला जमेनासे होते. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. गाडीला होतो तो नेहमी उष्माघातच. जळणाऱ्या पेट्रोलमधील ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या वाट्याला येतो, तितकाच धुराबरोबर जातो, आणि उरलेला मुख्यतः पाण्यामार्फत रेडिएटरने वाऱ्यावर सोडायचा असतो. ही साखळी कुठेतरी तुटते. म्हणून प्रश्न ‘उष्णता किती?’ हा नसून ‘ती बाहेर पडताना कुठे अडते?’ हा आहे, आणि त्याचे उत्तर बहुतांशी ‘गाडी केव्हा तापते?’ या एका प्रश्नात दडलेले असते.

सिग्नलवर आणि गर्दीत तापते, पण महामार्गावर वेग घेतला की काटा खाली येतो, अशी तक्रार असेल तर पाणी, पंप, रेडिएटर यांना हात लावण्याआधी पंखा पाहावा. वेगात वारा आपोआप मिळतो. थांबलेल्या गाडीला तो पंख्याने पुरवायचा असतो. नानांच्या पहिल्या प्रीमियर पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे, त्यामुळे पट्टा पाहिला की काम भागत असे. आजच्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो, तेव्हा फ्यूज, रिले, उष्णतेवर चालणारा स्विच आणि मोटर या क्रमाने तपासावे लागते. उलट शहरात ठीक आणि वेगात किंवा चढावर तापते, अशी तक्रार असेल तर वारा पुरेसा आहे, पाण्याचा प्रवाह अपुरा आहे. मग कमी झालेले पाणी, क्षारांनी बुजलेल्या रेडिएटरच्या नळ्या, झिजलेला पंप, किंवा पंपाच्या ओढीने आत चिपकणारा खालचा जुना होजपाइप यांचा विचार करायचा. आपल्याकडे बोअरिंगचे पाणी सर्रास रेडिएटरमध्ये ओतले जाते. त्या पाण्याने घरच्या गिझरचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको. कधी दोष नळ्यांच्या आत नसून बाहेर असतो: वातानुकूलनाची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माळव्याची काळी धूळ आणि किडे यांचा नमदा झालेला असतो. पुढून पाहिले तर सारे स्वच्छ दिसते.

सकाळी गाडी सुरू केल्यापासून चार-पाच मिनिटांतच काटा वर धावत असेल, तर बंद अडकलेला थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा अभाव. त्याहून गंभीर शक्यता म्हणजे हेड गॅस्केट फुटून ज्वलनाचा वायू पाण्यात शिरणे. मग होजपाइप थंड इंजिनावरच दगडासारखा टणक होतो, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात, तेलाच्या झाकणाखाली कधी लोण्यासारखा पांढरट थर दिसतो. आणि कधी गाडी तापलेलीच नसते, केवळ संवेदक किंवा तार खोटे बोलते. नव्या अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच ठेवलेला नाही. लाल दिवा लागतो तेव्हा संवाद सुरू होतो, आणि बराच संपलेलाही असतो.

माझ्या गाडीचा इतिहास मात्र यांतल्या कुठल्याच चौकटीत नीट बसत नव्हता. तो मला विचारला एका वृद्ध मिस्त्रींनी, छोटी ग्वालटोलीच्या मागच्या गल्लीत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. सत्तरीच्या पुढचे वय, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. बॉनेट न उघडता त्यांनी विचारले, ‘सुबह बोतल में पानी कितना रहता है?’ मी अभिमानाने सांगितले की, बाटली मी दररोज पाहतो. ती नेहमी काठोकाठ भरलेली असते. ‘और रेडिएटर में?’ ते मी कधी पाहिलेच नव्हते. बाटली भरलेली आहे, मग रेडिएटर कशाला पाहायचा?

थंड इंजिनावर त्यांनी झाकण उघडले. मोटारने गाडी तिथवर खेचून आणण्यापूर्वी मी स्वतः पाणी भरले होते, म्हणून त्या दिवशी काही दिसले नाही. पण झाकणाच्या आतले रबर चिरलेले होते. एका हातपंपाला दाबमापक लावलेले असते. त्यावर झाकण बसवून त्यांनी दाब दिला. ०.९ असा आकडा छापलेल्या झाकणाने ०.३ वरच हवा सोडली.

या झाकणाची दोन कामे असतात. एक, दाब राखणे. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या इंदूरला उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, ०.९ बार दाबाखाली तेच पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत तग धरते, कूलंट योग्य प्रमाणात मिसळले असेल तर त्याहून अधिक. दुसरे, तापताना फुगलेले पाणी बाटलीत सोडणे आणि इंजिन निवल्यावर तेच परत ओढून घेणे. माझ्या झाकणाने सोडणे चालू ठेवले होते. परत घेताना मात्र ते पाण्याऐवजी फाटक्या रबराच्या कडेने हवा ओढत होते. परिणामी बाटली भरलेली आणि रेडिएटर दररोज थोडा अधिक रिकामा. शहरातल्या दवाखाना ते घर या फेऱ्यांत ते जाणवत नव्हते. तान्ह्या बाळाच्या हृदयाची क्षमता कमी पडत असेल तर ते पाळण्यात झोपलेले असताना ठीक दिसते, आणि दूध ओढताना घामाघूम होते. म्हणून आपण आईला आवर्जून विचारतो, ‘पिताना कपाळावर घाम येतो का?’ दूध ओढणे हाच त्या बाळाचा घाट. हा प्रश्न मी हजारो मातांना विचारला असेन.

झाकणाची किंमत दोनशे वीस रुपये होती. परंतु तेवढ्यावर भागायचे दिवस फेब्रुवारीतच संपले होते. चाचांच्या मुलाने रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवली. तिच्यात निळा द्रव होता. इंजिन चालू करून रेडिएटरमधली हवा त्यातून ओढल्यावर तो हळूहळू हिरवा आणि मग पिवळा झाला. द्रव ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचा. कर्बवायूने पिवळा पडतो. पाण्याच्या मार्गात ज्वलनाचा वायू आला होता, म्हणजे हेड गॅस्केट गेले होते. हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली तेव्हा खालून प्रकाश दिसला. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला मिलिमीटरच्या शतांशांतला वाकही चालत नाही. घासून सपाट करणे, गॅस्केट, बोल्ट, तेल, मजुरी मिळून बारा हजारांच्या जवळ खर्च आला. थर्मोस्टॅटही पुन्हा बसवला.

इथवरची कथा मी काही मित्रांना सांगितली तेव्हा सर्वांनी पहिल्या दोन मिस्त्रींना नावे ठेवली. माझे मत वेगळे आहे, आणि त्यासाठीच हा लेख.

पहिल्या दोघांना मी काय दिले होते? तीन शब्दांची तक्रार आणि ‘संध्याकाळपर्यंत हवी’ ही मुदत. एखादी आई ‘मूल आजारी आहे, पाच वाजता न्यायला येते’ असे सांगून बाळ टेबलावर ठेवून गेली, तर आपण काय म्हणू? चढावर तापते, सिग्नलवर नाही. बाटली भरून राहते. तापण्यापूर्वी गोडसर वास येतो, हे सारे मला ठाऊक होते. कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. ज्याने आयुष्यभर इतरांना इतिहास विचारला त्याला स्वतःच्या गाडीचा इतिहास सांगावा हे सुचले नाही, याला कोणता मिस्त्री जबाबदार?

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. आपल्याकडे गॅरेजला पैसे मिळतात ते भागाचे आणि तो बसवण्याचे. अर्धा तास विचार करून, दाब मोजून, ‘रेडिएटर ठीक आहे, झाकण बदला’ असे सांगणाऱ्याच्या वाट्याला झाकणावरची वीस-तीस रुपयांची कमाई येते. न तपासता रेडिएटर बदलणाऱ्याला त्याच अर्ध्या तासात पाचशे-हजार मिळतात. मग तो काय करील? आपणही या व्यवस्थेला ओळखतो. मूल तपासून, ‘विषाणूजन्य ताप आहे, तीन दिवसांत उतरेल, प्रतिजैविक नको’ असे सांगितल्यावर ‘काही दिलेच नाही, मग फी कसली?’ हा प्रश्न मी सराफ्याजवळच्या माझ्या पहिल्या दवाखान्यात कित्येकदा ऐकला. इंजेक्शन दिले की तोच पालक विनातक्रार पैसे काढत असे. आपल्या या मंडळातही त्यावर चर्चासत्र झाले आहे आणि मी तावातावाने बोललो आहे की, औषध न देणे हाही उपचार आहे आणि त्याचे मोल समाजाने द्यायला हवे. गॅरेजच्या दारात मात्र मी तोच पालक होतो. ‘बघून तर घ्या’ असे म्हणताना ‘बघणे’ फुकट असते असे मी गृहीत धरले होते.

यावर कोणी म्हणेल की, आता स्कॅनर आले आहेत, निदान यंत्र करते. स्कॅनर मी पाहिला. तो संवेदकाने सांगितलेले तापमान दाखवतो. झाकणाचे रबर चिरले आहे हे त्याला दिसत नाही, आणि कोरडा पडलेला संवेदक त्यालाही माझ्यासारखाच फसवतो. रक्ताचे सर्व अहवाल फाइलीत लावून येणाऱ्या आणि मूल रात्री झोपते का हे न सांगणाऱ्या पालकांची आठवण झाली. यंत्र वाईट नाही; विचारण्याला ते पर्याय नाही, इतकेच.

म्हणून माझे सांगणे असे की, जुनी गाडी तापू लागली तर तिला गॅरेजमध्ये नेताना एका कागदावर लिहून न्यावे: केव्हा, किती वेळाने, कुठल्या रस्त्यावर, वातानुकूलन चालू असता की बंद, बाटलीत पाणी किती आणि थंड इंजिनावर रेडिएटरमध्ये किती. आणि मिस्त्रींना सुरुवातीलाच सांगावे की, तपासण्याचे पैसे वेगळे देईन, भाग बदलला नाही तरी देईन. हे बोलायला संकोच वाटतो. मलाही वाटला.

हेडचे काम झाल्यावर गाडी घ्यायला गेलो तेव्हा मी चाचांना तपासणीचे म्हणून पाचशे रुपये वेगळे दिले. ते त्यांनी दोनदा परत केले. ‘देखने के क्या पैसे, साहब?’ मी आग्रह धरला, आणि बिलावर लिहाच असेही म्हटले. त्यांच्या मुलाने छापील बिलावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. सामान होते, मजुरी होती, तपासणीचा रकानाच नव्हता. शेवटी बराच विचार करून त्याने ते पाचशे रुपये ‘ग्रीस, चिंध्या वगैरे’ या रकान्यात लिहिले.